एफ-२२ चा टॉप स्पीड नक्की किती टाकायचा? एका हौशी सिम्युलेटर टीमचं प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही चौघं फावल्या वेळात फ्लाइट सिम्युलेटरसाठी लढाऊ विमानांची ॲड-ऑन बनवतो, फुकटात. नावं देत नाही. फ्लाइट मॉडेल, म्हणजे विमान हवेत कसं वागेल त्याचं गणित, करणारे सगळ्यात मोठे, त्यांना आम्ही काका म्हणतो. एक थ्रीडीवाली, कॉकपिट आणि डिस्प्ले तिच्याकडे. एक टेस्टर, वयाने सगळ्यात लहान आणि तोंडाने सगळ्यात मोठा. आणि मी, माहिती गोळा करणे, तपासणे, भांडणं मिटवणे वगैरे.

दोन वर्षं जुनी विमानं केल्यावर ठरलं की आता स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारी विमानं, घ्यायची. अमेरिकेची एफ-२२ आणि एफ-३५, रशियाचं सुखोई-५७ आणि चीनचं जे-२० असं चार विमानांचं पॅक. जुन्या विमानांचं सोपं असतं, त्यांची मॅन्युअल कधीच खुली झालेली असतात, तक्ते उघडायचे आणि आकडे उतरवायचे. स्टेल्थचं तसं नाही हे माहीत होतं, पण इतकं डोकं खाईल असं वाटलं नव्हतं.

अडचण कुठे सुरू झाली

सुरुवात अगदी फालतू गोष्टीने झाली. थ्रीडीवालीने माहिती-कार्ड बनवलं होतं, त्यात एफ-२२ चा टॉप स्पीड २,४१४ किमी प्रतितास. हा आकडा सगळीकडे फिरतो, १,५०० मैल प्रतितासाचं ते रूपांतर. तिने त्याला १,२२५ ने भागलं आणि पुढे लिहिलं मॅक १.९७, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या १.९७ पट. इकडे काकांच्या फाइलमध्ये त्याच विमानाला मॅक २.२५. टेस्टर दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून म्हणाला, "एकच विमान, दोन स्पीड, यातलं खोटं कोण बोलतंय?"

खोटं कोणीच बोलत नव्हतं. १,२२५ हा आवाजाचा वेग आहे समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानाला. एफ-२२ त्या वेगाने जातं ते ३६,००० फुटांच्या वर, तिथे प्रमाण वातावरणात तापमान उणे ५६.५ असतं आणि आवाजाचा वेग उतरून १,०६२ किमी प्रतितासावर येतो. २,४१४ ला १,०६२ ने भागलं की मॅक २.२७. म्हणजे एकाच वेगाला एका भागाकाराने "दोनच्या आत" आणि दुसऱ्याने "सव्वादोनच्या वर" असं नाव मिळालं. मी नंतर तपासलं तर आमच्याच आधीच्या दोन पॅकमध्ये हीच चूक होती आणि कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण जुन्या विमानांच्या बाबतीत कोणी भांडत नाही.

ते मिटलं, पण तोवर दुसरा प्रश्न उभा राहिला होता. मुळात २,४१४ तरी खरा कशावरून?

आकडे कुठून आले

मग मी बसून एफ-२२ बद्दलचे सगळे आकडे एका शीटमध्ये काढले. अमेरिकन हवाई दल स्वतः काय सांगतं ते आधी. वेग: "मॅक २ क्लास", सुपरक्रूझची क्षमता, म्हणजे आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या भागात जास्तीचं इंधन जाळून मिळणारा जोर) न लावता आवाजापेक्षा जास्त वेगाने उडत राहणं. इंजिन: प्रॅट अँड व्हिटनीची दोन एफ११९-पीडब्ल्यू-१००, प्रत्येकी "३५,००० पाउंड क्लास" थ्रस्ट, म्हणजे रेटा. उंची: ५०,००० फुटांच्या वर. आफ्टरबर्नर न लावता मॅक १.५ पेक्षा जास्त. बस.

यातला "क्लास" हा शब्द आम्ही पहिल्यांदा वाचून सोडून दिला आणि ती चूक होती. क्लास म्हणजे मोजलेला आकडा नाही, तो खण आहे. ३५,००० पाउंड क्लासचं इंजिन ३५,००० देत असेल किंवा त्याच्या जरा वर, जाहीर करणाऱ्याने स्वतःला कशाला बांधून घेतलेलंच नाही. "च्या वर", "पेक्षा जास्त" हे शब्दही त्याच जातीचे, तळ सांगायचा आणि छत सांगायचं नाही. एकही वाक्य खोटं नाही आणि एकाही वाक्यातून टॉप स्पीड मिळत नाही.

त्याच्या पुढे नावानिशी बोललेली माणसं. हवाई दलाचे तेव्हाचे प्रमुख जनरल जॉन जम्पर यांनी २००५ मध्ये स्वतः एफ-२२ उडवून आफ्टरबर्नरशिवाय मॅक १.७ च्या वर गेल्याचं सांगितलं होतं. शिवाय १९९० च्या स्पर्धेतल्या नमुना विमानाची, वायएफ-२२ ची, नोंद आहे, मॅक १.५८ सुपरक्रूझ. पण ती जनरल इलेक्ट्रिकच्या वायएफ१२० इंजिनावर, आणि १९९१ मध्ये निवड झाली ती प्रॅटच्या इंजिनाची. हे लक्षात न घेता १.५८ हा आकडा एफ-२२ च्या नावावर सर्रास खपवतात, आम्हीही पहिल्या खर्ड्यात खपवला होता.

आणि त्याच्याही पुढे ऐकीव गोष्टी. मॅक २.४२ म्हणणारे, इंजिन खरं ३९,००० पाउंडचं म्हणणारे. टेस्टरला अर्थातच हे सगळ्यात जास्त आवडलं.

दोन चुकीची मॉडेल

काकांनी दरम्यान पहिलं मॉडेल चालवून बघितलं होतं. ड्रॅगसाठी, म्हणजे हवेच्या अडथळ्यासाठी, त्यांनी एक गुणांक धरला, ०.०३, आमचा अंदाज, कुठे छापलेला नाही. पंखाचं क्षेत्रफळ ८४० चौरस फूट, म्हणजे ७८ चौरस मीटर, हे जाहीर आहे. थ्रस्ट दोन इंजिनं मिळून ७०,००० पाउंड, साधारण ३११ किलोन्यूटन.

पहिल्या वेळी त्यांनी सरळ हिशोब लावला की ३६,००० फुटांवर हवेची घनता खालच्या तीस टक्के, म्हणून थ्रस्टही तीस टक्के. विमान पूर्ण आफ्टरबर्नरवर मॅक १.५८ ला जाऊन थांबलं, पुढे ढिम्म हलेना. जे विमान आफ्टरबर्नर न लावता १.७ ला जातं म्हणतात ते आमच्याकडे आग ओकत १.५८ वर. मग उलटं केलं, थ्रस्ट उंचीने कमीच करायचा नाही. विमान मॅक २.९ ला गेलं. टेस्टर खूश.

खरं या दोघांच्या मधे आहे आणि कारण मजेशीर आहे. विमान स्वतःच्या वेगाने हवा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या तोंडात, कोंबत असतं. ३६,००० फुटांवर मॅक २ ला, काहीच तोटा झाला नाही असं धरलं तर इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पावणेदोन पट होतो. म्हणजे वर हवा विरळ आहे पण इंजिनाला ते जाणवतच नाही, उलट जाड हवा मिळते. फक्त ती तापलेली असते, आणि तोटा होतोच. सरळ तोंडाचा, एकाच शॉकवेव्हवर (आवाजापेक्षा वेगात हवा जिथे एकदम दाबली जाते ती लाट) चालणारा इनटेक असेल तर मॅक १.६ ला दहा टक्के दाब वाया जातो, मॅक २ ला अठ्ठावीस टक्के, मॅक २.५ ला निम्मा. म्हणून एफ-१५ सारख्या विमानाला हलत्या रॅम्पचे, म्हणजे उतरत्या फळ्यांचे, इनटेक दिले, वेग वाढला की रॅम्प खाली येऊन शॉकवेव्ह जागेवर बसवतात. एफ-२२ चे इनटेक तिरके कापलेले आहेत, एका शॉकवाल्यापेक्षा चांगले, पण त्यांना हलते रॅम्प नाहीत. एफ-३५ ला तर फक्त एक फुगवटा. हलत्या भागांच्या फटी आणि कडा रडारला दिसतात, वजन वाढतं, बिघडतात. अडीच मॅकचा हव्यास इथे जाणूनबुजून सोडला आहे.

हे समजायला आम्हाला दोन आठवडे लागले. आधी समजलं असतं तर पुढची निम्मी भांडणं झाली नसती.

कोणते पर्याय होते

एक रात्र बसून पर्याय मांडले. पहिला, सगळ्यात कमी जाहीर आकडा घ्यायचा, मॅक २.०, कोणी काही बोलणार नाही. दुसरा टेस्टरचा, मॅक २.४२ आणि ३९,००० पाउंड, "लोकांना वेग पाहिजे". तिसरा थ्रीडीवालीचा, सगळ्यांची सरासरी. सरासरीला मी ठाम नाही म्हटलं. मोजलेल्या पाच आकड्यांची सरासरी काढता येते, पण एक सरकारी तळ, एक जनरलचं वाक्य आणि तीन अफवा यांची सरासरी म्हणजे फक्त चौथी अफवा.

चौथा पर्याय काकांचा. ते म्हणाले वेग टाकायचाच कशाला, आपण थ्रस्ट आणि ड्रॅग टाकू, वेग आपोआप निघेल. ऐकायला एकदम शास्त्रीय. पण त्यांनीच मग फळ्यावर लिहून दाखवलं की ३६,००० फुटांवर मॅक २ ला ड्रॅगचा गुणांक ०.०१ ने हलला तर ड्रॅग ४९ किलोन्यूटनने हलतो, म्हणजे एका इंजिनाच्या जाहीर थ्रस्टच्या जवळपास एक तृतीयांश. आणि तो गुणांक आमचा अंदाज. म्हणजे ०.०३ ऐवजी ०.०२५ टाकला की टेस्टर जिंकणार, ०.०३५ टाकला की सरकार. गणिताच्या नावाखाली आम्ही आपल्याला हवं ते उत्तर काढणार होतो.

त्याच रात्री एक आडवा विषयही निघाला, माहिती-कार्डावर इंजिनाची "पॉवर" हॉर्सपॉवरमध्ये द्यायची का. थ्रीडीवालीचं म्हणणं लोक गाडीशी तुलना करतात, द्या. अडचण अशी की जेट इंजिनाचा थ्रस्ट म्हणजे रेटा, शक्ती नव्हे. ब्रेक लावून पूर्ण आफ्टरबर्नरवर उभं असलेलं विमान शून्य हॉर्सपॉवर वापरतंय असं गणित येतं, कारण ते हलतच नाही. ताशी ३७५ मैलांना एक पाउंड रेटा म्हणजे एक हॉर्सपॉवर, हे जुनं गणित लक्षात ठेवायला सोपं. आमच्याच मॉडेलमध्ये मॅक २ ला ड्रॅग १४८ किलोन्यूटन येत होता, त्याची शक्ती साधारण ८७ मेगावॉट, म्हणजे १ लाख १७ हजार हॉर्सपॉवर. आकडा भारी दिसतो पण तो इंजिनाचा नाही, इंजिन गुणिले त्या क्षणाचा वेग असा आहे. कार्डावर हॉर्सपॉवर नाही असं ठरलं. थ्रीडीवाली अजून नाराज आहे.

ती पीडीएफ

आता या प्रकरणातला खरा अवघड भाग.

तिसऱ्या आठवड्यात काकांना एका अनोळखी माणसाचा मेल आला. तुम्ही स्टेल्थ पॅक करताय कळलं, माझ्याकडे परफॉर्मन्स चार्टची काही पानं आहेत, खरी, हवी तर घ्या, खाली लिंक. काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजावरूनच कळलं. मी विचारलं, "काका, तुम्ही उघडलीत का?" ते काही सेकंद गप्प. मग म्हणाले, "डाउनलोड झाली आहे. पहिलं पान बघितलं."

इथे पार्श्वभूमी सांगायला हवी. एफ-२२ दुसऱ्या देशाला विकायला अमेरिकेत १९९८ च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यापासूनच बंदी आहे, अगदी मित्रदेशांनाही. आणि नुसतं "गुप्त" असा शिक्का नसलेलं कागदपत्रही निर्यात नियमांखाली येऊ शकतं. २०२१ पासून एका गाजलेल्या लष्करी गेमच्या खेळाडूंनी वाद जिंकण्यासाठी चॅलेंजर २ रणगाड्याच्या मॅन्युअलपासून एफ-१६ च्या कागदपत्रांपर्यंत काय काय टाकलं आणि ते काढताना गेमवाल्यांची कशी धावपळ झाली हे आम्ही चवीने वाचलं होतं. हसलोही होतो. आता तीच वेळ आमच्यावर.

तीन मतं पडली. टेस्टर म्हणाला आपण काही चोरलं नाही, आलं आहे तर वापरू, फक्त कुठून आलं ते सांगायचं नाही. काका म्हणाले वापरायचं नाही पण आपला अंदाज बरोबर आहे की नाही एवढं ताडून बघायला काय हरकत. थ्रीडीवाली म्हणाली ताडून बघणं म्हणजेच वापरणं, तुम्ही एकदा उत्तर बघितलं की तुमचा अंदाज आपोआप तिकडे सरकणार. मला तिचं पटलं. शिवाय एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नव्हती, ती पानं खरी आहेत याला पुरावा काय? शिक्का आणि तक्ता कोणीही बनवतं. बनावट असेल तर आम्ही अफवेवर कायद्याचा धोका ओढवून घेत होतो, आणि खरी असेल तर त्याहून वाईट.

शेवटी ठरलं की फाइल पुसायची, उत्तर द्यायचं नाही, पुढे पाठवायची नाही. आणि काकांनी एफ-२२ च्या वेगाच्या फाइलला हात लावायचा नाही, ते काम मी करणार. हे त्यांना सांगणं मला जड गेलं, मॉडेल त्यांचं, मला गणित शिकवलं त्यांनी. ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पहिल्या पानावर मजकूर फारसा नव्हताच." मी पुढे विचारलं नाही.

आम्ही शेवटी काय केलं

मी काकांच्या जुन्या वहीतली एक युक्ती घेतली, मेल यायच्या आधीची. ड्रॅगचा गुणांक माहीत नाही, ठीक आहे, मग असं काहीतरी शोधायचं ज्यात तो कटून जाईल. विमान आफ्टरबर्नर न लावता मॅक १.७ ला टिकतं असं धरलं, तर तिथे त्याचा कोरडा, म्हणजे आफ्टरबर्नरशिवायचा, थ्रस्ट आणि ड्रॅग बरोबरीत आहेत. आता आफ्टरबर्नर लावा. जमिनीवरचे छापले जाणारे आकडे घेतले, कोरडा साधारण २६,००० आणि आफ्टरबर्नरसह ३५,०००, तर रेटा ३५ टक्क्यांनी वाढतो. ड्रॅग वेगाच्या वर्गाने वाढतो असं धरलं की १.३५ चं वर्गमूळ, १.१६. आणि १.७ गुणिले १.१६ म्हणजे १.९७.

कुठलीही गुप्त पानं न बघता, विमानाचा ड्रॅग किती हे न सांगता, मॅक २ च्या दारात. आणि वेगात आफ्टरबर्नरचा फायदा जमिनीवरच्यापेक्षा जास्त मिळतो, त्यामुळे हा अंदाज खालच्या बाजूचा आहे. गुणांक सगळ्या वेगांना सारखा राहतो हे आमचं गृहीतक अर्थातच कच्चं आहे, पण उत्तर दिशा दाखवतं. रेट्याच्या जोरावर हे विमान २ ओलांडू शकतं, म्हणजे "मॅक २ क्लास" हा शब्द फुगवलेला नाही, झालाच तर नम्र आहे.

मग प्रश्न बदलला. विमानाला अडवतंय काय? आणि इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. थ्रस्ट संपायच्या आधी तापमान येतं. उणे ५६.५ च्या हवेत मॅक २ ला नाकाच्या टोकावर हवा थांबते तिथे ११७ अंश सेल्सिअस होतात. मॅक २.२५ ला १६३. टेस्टरच्या मॅक २.४२ ला १९७. काँकॉर्ड हे ॲल्युमिनियमचं प्रवासी विमान, त्याच्या नाकाला १२७ अंशांची मर्यादा होती आणि म्हणूनच ते मॅक २ च्या जरा वर उडायचं, इंजिनात दम नव्हता म्हणून नाही. एफ-२२ मध्ये टायटॅनियम आणि कॉम्पोझिट भरपूर आहे, पण वर रडार शोषणारा लेप आहे, कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, आहे, आणि ते सगळं परत परत तापवून चालत नाही.

याचं जुनं उदाहरण सोव्हिएत मिग-२५. पश्चिमेकडे त्याच्याबद्दल बाहेरून बघून बांधलेले अंदाज भयंकर होते. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेंको ते घेऊन जपानमधल्या हाकोदातेला उतरला आणि उघडून बघितलं तर बहुतेक सांगाडा स्टीलचा, जड, सरळ रेषेत पळण्यासाठी बनवलेला. मॅन्युअलची मर्यादा मॅक २.८३. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इजिप्तमधून उडणारं एक मिग-२५ मॅक ३.२ ला गेलं होतं, पण त्या फेरीत इंजिनं कामातून गेली. मग त्याचा "खरा" टॉप स्पीड कुठला? मी टेस्टरला हेच विचारलं. तो म्हणाला ३.२. मी म्हटलं, परत येऊन दुसऱ्या दिवशी उडायचं असेल तर? तो म्हणाला, मग २.८३.

तिथून आमची रचना ठरली. एक आकडा नाही, तीन थर. मॅक २ पर्यंत हिरवा पट्टा, जाहीर माहिती. २ ते २.२५ पिवळा, छापील पण अधिकृत नाही. त्याच्या वर विमान जाईल, इंजिन ढकलेल, पण एक घड्याळ चालू होईल आणि लेप, कॅनॉपी खराब व्हायला लागतील. त्यावर स्पष्ट लिहिलं की हे घड्याळ आमचा अंदाज आहे. थ्रस्ट ३५,००० च ठेवला, ३९,००० नाही.

एफ-३५ सोपं गेलं. एफ१३५ इंजिन, आफ्टरबर्नरसह ४३,००० पाउंड, कोरडा २८,०००, टॉप स्पीड मॅक १.६. लोकांना हे कोडं वाटतं की इंजिन एफ-२२ च्या एका इंजिनापेक्षा तगडं आणि विमान हळू कसं. एक तर ते एकच आहे, एफ-२२ ला दोन. दुसरं, एफ१३५ हे एफ११९ चंच पुढचं रूप असलं तरी त्यात गाभ्याबाहेरून जाणारी हवा जास्त आहे, त्याने इंधन वाचतं, पण मागून निघणाऱ्या हवेचा वेग कमी पडतो आणि मोठ्या मॅकला तो वेगच लागतो. मात्र हा १.६ आत बॉम्ब-मिसाइल भरून आहे. जुन्या विमानांचे मॅक २ च्या वरचे आकडे बहुतेक रिकाम्या पंखांचे, खाली टाक्या आणि मिसाइल टांगली की ते आकडे पुस्तकातच राहतात.

सुखोई-५७ ला छापील मॅक २, जे-२० ला सगळीकडे लाल "अंदाज" शिक्का.

निकाल

पॅक आलं. पहिल्या आठवड्यात अपेक्षेप्रमाणे शिव्या, एफ-२२ ला मुद्दाम कमी केलं म्हणून. ३९,००० पाउंड का नाही विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उलट प्रश्न टाकला, मोजला कोणी? एकालाही सांगता आलं नाही, त्यातले दोघं रागावून गेले. पिवळा पट्टा मात्र लोकांना आवडला, काहींनी तर तेवढ्यासाठी उडवलं.

खरी नामुष्की दुसरीकडून आली. २०१९ मध्ये बातम्यांत आलं होतं की एफ-३५ च्या बी आणि सी प्रकारांना खूप उंचीवर सुपरसॉनिक राहिल्यास आफ्टरबर्नरच्या उष्णतेने शेपटाला इजा होऊ शकते, म्हणून वेळेची मर्यादा घातली. बी ला मॅक १.२ वर ८० सेकंद आणि १.३ वर ४०, सी ला १.३ वर ५०. आम्ही हौसेने ते घड्याळ बनवलं आणि एका खेळाडूने त्याचे वाभाडे काढले. तो १.३ वर ३९ सेकंद जायचा, एक सेकंद खाली यायचा, घड्याळ शून्यावर, परत वर. असं करत त्याने अख्खा समुद्र ओलांडला. बातमीत शब्द होता "एकूण मिळून", आम्ही वाचला "सलग". वर आम्ही तीच मर्यादा ए प्रकारालाही लावून ठेवली होती, ज्याला ती नाहीच.

दुसरी घडामोड चांगली. काका दोन महिन्यांनी परत वेगाच्या फाइलवर आले, पण स्वतःहून अट घातली की एफ-२२ सोडून. ती अजून माझ्याकडेच आहे.

परत करायचं झालं तर

पहिल्या दिवशी आकडा शोधायच्या आधी मी हे विचारेन की अडवतंय कोण, रेटा, इनटेक, उष्णता, सांगाडा की नियम. आम्ही तीन आठवडे इंजिनावर भांडलो आणि उत्तर तापमानात होतं.

शीटमध्ये प्रत्येक आकड्यासमोर उंची आणि तापमान असल्याशिवाय ओळ भरायचीच नाही. १,२२५ वाली चूक तिथेच मेली असती.

पीडीएफबद्दल आमचा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, पण तो उशिरा झाला, आणि उशीर हीच चूक. असलं काही आलं तर काय करायचं याचा नियम मेल यायच्या आधी हवा होता. तो नव्हता म्हणून एका चांगल्या माणसाने कुतूहलापोटी क्लिक केलं आणि ओझं त्याच्या डोक्यावर आलं. काकांना एकट्यांना बाजूला करणंही अर्धवटच होतं, कारण त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्यांना आकडे दाखवले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, हे कबूल करतो. १.९७ दाखवल्यावर ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत होते.

घड्याळाचं दुरुस्त केलं. आता ते एकूण सेकंद मोजतं, ए ला लागू नाही, आणि संपलं की तीन मिनिटं आफ्टरबर्नर बंद ठेवून शेपूट गार झाल्यावरच परत भरतं. समुद्र ओलांडणाऱ्या त्या खेळाडूला पुढच्या पॅकसाठी दुसरा टेस्टर म्हणून घेतलं, पहिल्याला ते अजिबात आवडलेलं नाही.